अनिकेत आणि बिऱ्हाड

भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना 'अनिकेत' हा शब्द आला आहे. निकेत म्हणजे राहण्याची जागा, आणि अशी ठरलेली जागा ज्याला नाही तो अनिकेत. शंकराचार्यांनी या शब्दाचा अर्थ लावताना नियत निवास नसलेला संन्यासी डोळ्यांपुढे ठेवला, तर घरादारात मन न गुंतलेला साधक असा अर्थ रामानुजाचार्यांनी केला, त्यामुळे गृहस्थालाही या लक्षणात जागा मिळाली. ज्ञानेश्वरांनी याच शब्दावर लिहिताना वाऱ्याचा दृष्टान्त घेतला आणि सारे विश्वच ज्याचे घर झाले आहे अशा भक्तापर्यंत त्याचा अर्थ नेला. तेथे त्यांनी 'बिढार' हा शब्द योजला आहे. आजच्या मराठीतील 'बिऱ्हाड' हे त्याचेच रूप. बिऱ्हाड म्हणजे माणसे, भांडीकुंडी, देव आणि चूल यांसह तात्पुरत्या जागेत मांडलेला संसार, उद्या उचलावा लागेल हे गृहीत धरूनच मांडलेला. हे दोन शब्द शेजारी ठेवले की एक प्रश्न उभा राहतो, ज्याकडे या भाष्यकारांचे लक्ष गेलेले नाही. नवऱ्याच्या पाठोपाठ गावामागून गाव बदलत आणि प्रत्येक ठिकाणी चूल नव्याने घालत जिचे आयुष्य सरले, त्या गृहिणीला काय म्हणावे? तिला ठरलेली जागा नाही म्हणून ती अनिकेत ठरते, पण ती जाईल तेथे निकेत उभे राहते. आणि असे आयुष्य संपल्यावर त्याचे स्मरण कशाच्या आधारे करावे?

भारतीय धर्मपरंपरांनी फिरण्याला मोठा मान दिला आहे. संन्याशाला परिव्राजक, म्हणजे घर सोडून सर्वत्र फिरणारा, असे नाव आहे आणि पावसाळा सोडून त्याने एका गावी फार काळ राहू नये असा नियम आहे. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास याच नियमाची दुसरी बाजू दाखवतो. महाराष्ट्रात महानुभाव पंथाने 'अटन', म्हणजे ठिकाण न धरता नित्य हिंडत राहणे, हा साधकाच्या आचाराचा भाग मानला. या सर्वांमागे एकच विचार आहे की जागेच्या सवयीतून ममत्व वाढते आणि ममत्व तोडायचे तर जागाच मोडली पाहिजे. गृहिणीच्या स्थलांतरात नेमके उलटे घडते. ती जागा सोडते, पण ममत्व सोडायला तिला मोकळीक नसते, कारण नव्या गावात पहिल्याच संध्याकाळी मुलांना जेवायला घालायचे असते, पाणी कोठून आणायचे हे विचारायचे असते, आणि मागे राहिलेली तुळस, शेजारीण, कधी मातीआड केलेले तान्हे मूल, हे सारे आत ठेवूनच शेजारधर्म पुन्हा पहिल्यापासून जोडायचा असतो. बाहेरून पाहता क्रिया एकच आहे. संन्याशाच्या बाबतीत तिला तप म्हटले गेले आणि गृहिणीच्या बाबतीत तिला नावही मिळाले नाही.

या अनामिकतेचे मूळ 'सहधर्मचारिणी' या कल्पनेत शोधता येते. सहधर्मचारिणी म्हणजे पतीसह धर्माचे आचरण करणारी. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायात यज्ञाचा अधिकार कोणाला याची चर्चा आहे आणि तेथे पती-पत्नी दोघांचा मिळून अधिकार आहे असा निष्कर्ष निघतो. पत्नीवाचून यजमानाचे कर्म अपुरे राहते. ही मान्यता लहान नाही. पण 'सह' या उपसर्गाने जे दिले त्यातले बरेच 'अनु' या उपसर्गाने काढून घेतले, कारण व्यवहारात सहधर्म म्हणजे अनुसरण, मागून जाणे, असाच अर्थ रूढ झाला. कोठे जायचे हे पतीने ठरवायचे आणि गेल्यावर जे उभे करायचे ते तिने, अशी वाटणी झाली. पुढे चरित्रे लिहिली गेली तेव्हा ठरवणाऱ्याचे प्रवास त्यांत आले आणि उभे करणारीच्या वाट्याला 'त्यागमूर्ती' हे विशेषण आले. एकोणिसाव्या शतकातील दोन मराठी स्त्रियांची आयुष्ये या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. योगायोगाने दोघींचे नाव लक्ष्मीबाई आहे. एकीची आठवण तिच्या मुलीने ठेवली, दुसरीने आपली आठवण स्वतः लिहिली.

पहिल्या लक्ष्मीबाई म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आई. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रेत असताना पैठणला गोदावरीच्या काठी एका यात्रेकरू ब्राह्मणाची त्यांच्याशी गाठ पडली, बोलणे झाले आणि दुसऱ्या दिवशी त्या ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी चव्वेचाळीस वर्षांच्या शास्त्रीबुवांना देऊन पुढची वाट धरली. मुलगी माहेरापासून शेकडो मैल दूर, दक्षिण कानडा भागात गेली. अनंतशास्त्र्यांनी पुण्यात असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवले जात असल्याचे पाहिले होते, आणि आपल्या पत्नीलाही ती भाषा शिकवायची हा त्यांचा निश्चय होता. त्यावरून विरोध झाला, त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे शास्त्राधार मांडावे लागले, आणि पुढे ते पत्नीला घेऊन पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात राहायला गेले. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांचा उगम या परिसरात आहे. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते आणि जवळच वाघाची चाहूल होती, असे रमाबाईंनी ऐकलेले आहे. पुढे त्याच जागी पाठशाळा उभी राहिली. तिचे श्रेय अनंतशास्त्र्यांच्या विद्वत्तेला दिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र अरण्यात विद्यार्थ्यांची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंची पंगत रोज उठवणे हा त्या पाठशाळेचा दुसरा आणि तितकाच आवश्यक पाया होता, आणि तो एका अशा मुलीने घातला जी स्वतः त्याच वेळी व्याकरण आणि काव्य शिकत होती.

आतिथ्यापायी कर्ज झाले आणि ते घरही सुटले. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाई तेव्हा सहा महिन्यांच्या होत्या. त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून नेले. त्यानंतरची सुमारे सोळा वर्षे हे कुटुंब तीर्थांतून आणि देवळांतून फिरत राहिले. देवळात पुराण सांगायचे, ऐकणाऱ्यांनी जे ठेवले त्यावर निर्वाह करायचा आणि उरलेले दानधर्मात घालायचे, अशी ही वृत्ती होती. धर्मशास्त्राच्या भाषेत ही सतत चाललेली यात्रा होती, म्हणून पुण्यकारक. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहता ती सतत चाललेली बदली होती. या काळातील त्यांच्या कामांपैकी एकाची नोंद रमाबाईंनी प्रेमाने केली आहे. वडील वृद्ध झाल्यामुळे मुलीला शिकवण्याचे काम आईकडे आले होते. दिवसभर घरकाम आणि प्रवास असल्याने वेळ मिळे तो पहाटेपूर्वीचा. तेव्हा झोपेतल्या मुलीला जवळ घेऊन, हळूहळू जागे करून त्या तिच्याकडून पाठ म्हणवून घेत. रमाबाईंना भागवत पुराण मुखोद्गत झाले ते असे. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या विद्वत्तेचा गौरव केला, तिची पाठशाळा कोणत्याही एका गावी नव्हती. ती आई जेथे उठेल तेथे पहाटे भरत होती. ज्या आयुष्यात भिंत उभी राहू शकली नाही त्यात अभ्यास उभा राहिला, ही गोष्ट केवळ हृद्य म्हणून सोडून देण्यासारखी नाही. घर म्हणजे वास्तू की घर म्हणजे नित्यक्रम, या प्रश्नाचे एक उत्तर तिच्यात आहे.

तथापि येथे स्तुतीला आवर घालणे हे लेखकाचे कर्तव्य ठरते. पैठणच्या घाटावर नऊ वर्षांच्या मुलीला कोणी विचारले नव्हते. पुढची यात्राही तिच्या निवडीने चालू राहिली असे म्हणायला आधार नाही. १८७० च्या दशकातील दुष्काळात दागिने आणि भांडी विकून झाली, कुटुंब झाडपाल्यावर आले, आधी अनंतशास्त्री गेले आणि पाठोपाठ लक्ष्मीबाईही गेल्या. आजारी आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारच्या घरी गेल्या, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण या घराने कधी हात पसरला नव्हता. तिरडी उचलायला पुरेसे लोक मिळाले नाहीत. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले, मुलगा तिसरा आणि चौथा खांदा रमाबाईंचा. उंची कमी असल्याने त्यांना तो भार डोक्यावर घेऊन तीन मैल चालावे लागले. अंत्यविधीत मुलीला स्थान न देणाऱ्या व्यवस्थेत मुलीच्या डोक्यावरून आईचे शेवटचे स्थलांतर झाले. अशा मरणाला पातिव्रत्याची सांगता म्हणणे क्रूरपणाचे आहे. भक्ती होती, निष्ठा होती, आणि तिच्यावर सक्तीही होती. स्मरण प्रामाणिक राहायचे तर या तिन्ही गोष्टी त्यात राहिल्या पाहिजेत.

दुसऱ्या लक्ष्मीबाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यात १८६८ साली जन्मलेली मनकर्णिका १८८० मध्ये नारायण वामन टिळक यांच्याशी विवाह होऊन लक्ष्मी झाली. मराठी घरांतील नाव बदलण्याची ही चाल म्हणजे स्थलांतराची पहिली पायरीच होय, कारण गाव सुटण्याआधी त्यात नाव आणि गोत्र सुटते. टिळक कवी, वक्ते, तापट, उदार आणि कोणत्याही नोकरीत फार काळ न टिकणारे होते; हातातला पैसा गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी येणे हा त्यांचा स्वभाव होता. नाशिक, मुरबाड, वणी, नागपूर, राजनांदगाव, पंढरपूर, अहमदनगर, राहुरी, सातारा, मुंबई आणि शेवटी मुलाच्या संसाराबरोबर कराची, अशी गावे या घराच्या कथेत येतात. लक्ष्मीबाईंनी काही ठिकाणी टिळकांबरोबर दिवस काढले तर काही ठिकाणी टिळकांवाचून. या यादीत पंढरपूरचे महत्त्व वेगळे आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन लक्ष्मीबाई पुढची काही वर्षे नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांतला काही काळ पंढरपुरात गेला.

सहधर्मचारिणीचा धर्म काय, हा प्रश्न येथे अत्यंत तीव्र होतो, कारण ज्याच्यासह धर्म आचरायचा त्याचाच धर्म बदललेला आहे. पराशरस्मृतीने पतीच्या संदर्भातील पाच आपत्ती मोजल्या आहेत, ज्यांत स्त्रीला दुसरा पती विहित सांगितला आहे. पती बेपत्ता होणे, मरणे, संन्यास घेणे, नपुंसक असणे आणि पतित होणे या त्या पाच. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी याच वचनाचा आधार घेतला आणि १८५६ चा कायदा झाला. स्मृतिकाराने सोडून गेलेल्या आणि धर्मभ्रष्ट झालेल्या पतीचा विचार केला, हे त्याच्या व्यापक दृष्टीचे लक्षण आहे. परंतु पत्नीपुढे आणखी एक मार्ग असू शकतो, तो त्याने मोजला नाही: ती पतीकडे जाईल, पण त्याच्या मताकडे जाणार नाही, आणि त्या मताचा निवाडा स्वतंत्रपणे, स्वतःच्या वेळेने करील. लक्ष्मीबाईंनी नेमके हे केले. त्या अहमदनगरला टिळकांकडे गेल्या, परंतु सोवळे, म्हणजे स्पर्श आणि अन्न यांच्या शुद्धतेचे नियम, त्यांनी सोडले नाहीत. स्वतंत्र स्वयंपाक आणि वेगळे पाणी चालू ठेवले. वडिलांच्या घरी अत्यंत कडक सोवळ्यात त्यांचे बालपण गेले होते, त्यामुळे ही त्यांच्यासाठी नुसती रीत नव्हती, तो त्यांचा धर्मच होता. पुढे विचार करता करता जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, अशी खात्री त्यांना पटली, आणि त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. पतीच्या दीक्षेनंतर पाच वर्षांनी.

या पाच वर्षांकडे केवळ विलंब म्हणून पाहणे चुकीचे आहे. पायांनी अनुसरणे आणि बुद्धीने अनुसरणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे त्यांतून सिद्ध होते. एखाद्या स्त्रीने नवऱ्यामागे दहा गावे बदलली म्हणून तिने आपले मतही दहा वेळा त्याच्या हवाली केले असे अनुमान निघत नाही, आणि चरित्रकारांनी सतत केलेली चूक हीच आहे. लक्ष्मीबाईंची पतिनिष्ठा निर्विवाद होती. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूनंतर, ९ मे १९१९ नंतर, हाती घेऊन लक्ष्मीबाईंनी त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली, यापेक्षा वेगळा पुरावा नको. ज्या स्त्रीला लग्नानंतर अक्षरओळख झाली तिने हे केले. त्याच लक्ष्मीबाई नवऱ्याच्या तापटपणाबद्दल, विसराळूपणाबद्दल आणि घर उधळून देण्याबद्दल 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात काही लपवीत नाहीत, आणि स्वतःच्या चुकाही तितक्याच मोकळेपणाने सांगतात. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेल्या या ग्रंथात प्रेम आणि भांडण ही दोन्ही एकाच पानावर नांदतात. देवघरात ठेवावी अशी मूर्ती त्यांनी स्वतःची घडवली नाही, म्हणून त्या वाचकाला इतक्या जवळच्या वाटतात. अहमदनगरला प्लेगच्या दिवसांत रुग्णांची सेवा करणाऱ्या, अनाथ मुलांना आणि कवी बालकवी ठोंबरे यांच्यासारख्या घर सोडून आलेल्या तरुणाला आपल्या बिऱ्हाडात सामावून घेणाऱ्या या बाईला 'त्यागमूर्ती' हा शब्द लावून पाहावा. तो तिच्या अंगावर बसत नाही. त्यागात काही सोडायचे असते, आणि या आयुष्यात मुख्य क्रिया मांडण्याची आहे. मोडलेले पुन्हा मांडणे, आणि मांडताना त्यात आणखी एखाद्याला जागा करणे, हा स्वतंत्र गुण आहे आणि धर्मशास्त्राने त्याची गणना करायला हवी होती.

आता स्मरणाच्या प्रश्नाकडे वळता येईल. न्यायशास्त्र स्मृतीला प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानत नाही. पूर्वीच्या अनुभवाने मनावर उमटलेला जो ठसा, ज्याला संस्कार म्हणतात, केवळ त्यातून स्मृती उपजते आणि आधी कळलेलेच पुन्हा कळवते, नवे काही देत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. राजांच्या, पंडितांच्या आणि संस्थापकांच्या बाबतीत हे ठीक आहे, कारण त्यांचे ताम्रपट, दस्त, पत्रव्यवहार आणि पुतळे असतात. पण जिच्या नावावर घर नाही, जिचे नाव कोणत्याही भाडेचिठ्ठीवर नाही, जिचे कर्तृत्व संध्याकाळी खाऊन संपणाऱ्या अन्नात होते, तिच्याबाबत मुलांच्या आठवणीपलीकडे दुसरे साधनच उरत नाही. तेथे स्मृती ही दुय्यम राहत नाही. ती एकमेव साक्षीदार होते, आणि साक्षीदाराला लागू होणारे सत्याचे सर्व निर्बंध तिला लागू होतात. गौतमाच्या न्यायसूत्रांत स्मृती जागी करणाऱ्या कारणांची मोठी गणना आहे. तीत अभ्यास, सादृश्य, सुख-दुःख, भय यांबरोबर 'वियोग' हेही कारण दिले आहे. ज्याच्यापासून ताटातूट झाली तो आठवतो. जिने प्रत्येक गावी नव्या वियोगातून संसार उभा केला तिची आठवण येण्याला वियोगच कारण व्हावा, यात एक विषण्ण संगती आहे.

कर्मकांडाने या स्मरणासाठी केलेली सोय अपुरी आहे. श्राद्धात आई, आजी आणि पणजी यांचा उच्चार होतो, पण तो सासरच्या गोत्रासह. माहेरची मनकर्णिका तेथे कोणालाच बोलावता येत नाही. भाद्रपदातील अविधवा नवमी पतीच्या हयातीत गेलेल्या स्त्रियांसाठी आहे, म्हणजे तेथेही तिची ओळख पतीच्या आयुष्यावरून ठरते. याहून वेगळी आणि अधिक समर्पक रीत महाराष्ट्रातच सापडते, ती महानुभावांकडे. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटाने त्यांच्या सहवासात राहिलेल्यांना शोधून एकेक प्रसंग गोळा केला आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. पुढे 'स्थानपोथी'त स्वामी ज्या ज्या ठिकाणी थांबले, बसले, जेवले त्या जागांची बारीक नोंद झाली आणि अशा स्थानांवर ओटे बांधले गेले. प्रभूचे सन्निधान संपल्यावर साधकाने काय करावे, याचे त्यांचे उत्तर स्मरण हे होते, आणि ते स्मरण स्तोत्रातल्या विशेषणांवर न विसंबता जागा आणि कृती यांना धरून राहिले. फिरत्या आयुष्याचे स्मरण करण्याची ही पद्धत ईश्वरावताराइतकीच एका गृहिणीलाही लागू पडते, असे म्हणण्यात कोणताही अधिक्षेप नाही. कोणत्या गावी चूल कोणत्या बाजूला होती, पाणी किती लांबून आणावे लागे, कोणत्या शेजारणीने पहिल्या दिवशी पिठले-भाकरी दिली, कोणते गाव तिला आवडले होते आणि कोणते सोडताना ती बोलली नाही, याची नोंद म्हणजे तिची स्थानपोथी.

लक्ष्मीबाई टिळक २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला गेल्या; आपली स्थानपोथी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली होती. लक्ष्मीबाई डोंगरे यांनी लिहून ठेवलेले काही उपलब्ध नाही. त्यांच्या मुलीने १८८७ साली अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते आईच्या स्मृतीस अर्पण केले, आणि अर्पणपत्रिकेत आईचे पूर्ण नाव छापले.